छठ, मतदान आणि माझी एक्सेल शीट

मी पुण्यात रावेतला एका बारा मजली बिल्डिंगवर प्लॅनिंग बघतो. आधी तीन वर्षं साइटवरच होतो, त्यामुळे लेबरचं प्लॅनिंग म्हणजे त्यात काय एवढं असं वाटायचं. एका स्लॅबला बीम-कॉलम धरून 12 टन सळई, एक फिटर (सळई बांधणारा) आणि एक हेल्पर मिळून दिवसाला साधारण 250 किलो ओढतात, म्हणजे आठ जोड्या लावल्या की सहा दिवसांत विषय संपला. सुतारांचं पण तसंच गणित मांडलं आणि शीट सगळी हिरवीगार.

मग आली 2025 ची दिवाळी. आमचे शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटचा साचा लावणारे, सुतार सगळे बिहारमधल्या कटिहारचे आणि फिटर बंगालमधल्या मालद्याचे. बिहारचा छठ सण 25 ते 28 ऑक्टोबर, यायला चार-पाच दिवस धरून मी 2 नोव्हेंबरपासून चौदा सुतार दाखवले होते. मुकादमाला फोन केला तर म्हणतो, "साहब, अब तो वोट डाल के ही आएंगे." कटिहारचं मतदान 11 ला! बातम्यांत रोज बिहारच चालू होतं, मी बघत पण होतो, पण ते शीटमध्ये टाकायचं काही सुचलं नाही (हसू नका).

इकडे मालद्याचे सोळा जण बसून. खाली शटरिंगच्या प्लेटाच लागल्या नाहीत तर स्लॅबची सळई बांधणार कशावर, आणि ही माणसं हजेरीवर नाहीत, टनाच्या रेटवर आहेत, म्हणजे काम नाही तर कमाई शून्य. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुकादम सांगायला आला की वाकडच्या एका साइटवरून बोलावणं आलंय. ही टोळी एकदा गेली की दोन महिने तोंड दिसत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

रात्री बसून बीबीएस (कुठली सळई किती कापायची, कशी वाकवायची याची यादी) काढलं. आठ जणांना पुढच्या दोन स्लॅबच्या रिंगा आणि सळया खाली यार्डातच कापून, वाकवून, टॅग लावून ठेवायला दिल्या. बाकीचे आठ पार्किंगच्या रिटेनिंग वॉलला, कारण भिंतीला आधी सळई बांधतात आणि मग शटरिंग, तिथे सुतार नसला तरी चालतं. खरी मारामारी बिलिंगवाल्यांशी झाली, "बांधलंच नाही तर पैसे कसले?" शेवटी कटिंग-बेंडिंगला रेटच्या 40 टक्के आणि उरलेले बांधल्यावर असं ठरलं, तेही आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी फोन केला म्हणून.

आता शीटमध्ये डोकी मोजत नाही, टोळ्या लिहितो, आणि पुढे एक कॉलम वाढवलाय, गाव.

13 तारखेला सुतारांचा मुकादम आला, पिशवीभर छठचा ठेकुआ घेऊन. सोबत पाचच माणसं. म्हटलं बाकीचे नऊ कुठंयत, तर शांतपणे म्हणाला, "साहब, कल काउंटिंग है ना."