मिनिमॅक्स अपडेट: मॅग साइड का तापत होती ते अखेर सापडलं

भावांनो, सापडलं एकदाचं! मी बांधतोय त्या मिनिमॅक्सला (छोटं एकसीटर विमान) रोटॅक्सचं दोन सिलिंडरचं 447 इंजिन आहे, त्यातला मॅग साइडचा (मॅग्नेटो-फ्लायव्हीलकडचा) सिलिंडर का तापतोय ते कळलं, दुरुस्तही झालं, आणि काल संध्याकाळी दोन्ही ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं तापमान) शेजारी शेजारी बघून इतका आनंद झाला की घरी जाऊन जेवायचं पण सुचेना. ज्यांच्याकडे जुनं 447 आहे त्यांनी हे सगळं वाचाच, कारण रोटॅक्सने हे इंजिन बनवायचं कधीच बंद केलंय, आपल्याला मिळतात ती सगळी कुठेतरी पडून राहिलेली.

विंगचं काम तसंच आहे. ह्या दिवसात कोल्हापूरच्या दमट हवेत डोप (कापडावर मारायचा लॅकर) मारला की पांढरट पडणारच, म्हणून डॅक्रॉनचा (विंगवर चढवायच्या कापडाचा) रोल गुंडाळून माळ्यावर ठेवलाय आणि पावसाळाभर फक्त इंजिन. ज्यांच्याकडून हे अर्धवट किट घेतलं त्यांच्याकडे इंजिन खोक्यात वर्षानुवर्षं पडून होतं, कंप्रेशन छान होतं, सुरू पण लगेच झालं. म्हणून तर जास्त कोडं.

आता प्रॉब्लेम परत थोडक्यात. टेस्ट स्टँडवर 5200-5500 आरपीएमला पीटीओ साइडची (प्रॉपकडची) ईजीटी 560 अंश सेल्सिअस आणि मॅग साइडची 630. मर्यादा 650 ची, आणि दोन सिलिंडरमध्ये फरक 25 च्या आत पाहिजे. 70 अंशांचा फरक घेऊन रानावर उडायचं म्हणजे पिस्टन कधी धरेल (जाम होईल) ह्याची वाट बघत बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

सगळ्यात आधी प्रोब अदलाबदल केले. गरम आकडा सिलिंडरलाच चिकटून राहिला, म्हणजे मीटर खरं बोलत होतं.

मग मागे हा प्रॉब्लेम सांगितला तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ई20 वर (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) बोट ठेवलं. बरोबर आहे, मीही तिकडेच बघत होतो. आपल्या भागातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि फिरून पंपावर आपल्याच टाकीत येतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला 1 लागतं, इथेनॉलला 9 ला 1, त्यामुळे ई20 वर त्याच जेटला मिक्श्चर साधारण 8 टक्के लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, हे खोटं नाही. मी मेजरिंग सिलिंडरमध्ये 100 मिली पेट्रोल आणि 20 मिली पाणी घालून हलवून ठेवलं, तर खालचा पाण्याचा थर जवळजवळ दुप्पट झाला, म्हणजे इथेनॉल भरपूर आहे. पण गोष्ट अशी की माझ्या 447 ला कार्ब्युरेटर एकच आहे, बिंग 54, पुढे दोन्ही सिलिंडरला वाटून देणारा वाय मॅनिफोल्ड. पेट्रोल वाईट असेल तर दोन्ही सिलिंडरला वाईट, एकट्या मॅगला का शिक्षा? (पाण्यानं धुऊन इथेनॉल काढायचा सल्ला कुणीतरी दिला होता, तो कृपा करून कुणी करू नका, ऑक्टेन खाली येतं आणि इंजिन डिटोनेट होतं, म्हणजे मिक्श्चर ठोके देत भडकतं.)

कार्बच्या नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर आली आणि मिडरेंज रिच झाली (पेट्रोल वाढलं). दोन्ही आकडे उतरले, फरक तेवढाच! उलट पीटीओ साइड फोर-स्ट्रोकिंग करायला लागली (पेट्रोल जास्त झालं की एक फेरी सोडून पेटतं), प्लग काळा. मेन जेटला हात लावायचं कारणच नव्हतं, तो जवळपास फुल थ्रॉटललाच काम करतो आणि माझं दुखणं मधल्या थ्रॉटलचं. कार्बचं रबर सॉकेट चिरलंय का बघितलं, मॅनिफोल्डचे गॅस्केट नवीन टाकले, काही फरक नाही. इथे येऊन खरंच वैताग आला होता, कारण वरून दिसण्यासारखं सगळं संपलं होतं.

राहिली होती एकच शक्यता, क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद भागात) बाहेरची हवा शिरतेय. टू-स्ट्रोकचा क्रँककेस म्हणजे पंपच की, पिस्टन वर गेला की आत व्हॅक्यूम होतो आणि कुठेही फट असेल तर तिथनं कोरी हवा ओढली जाते. त्या हवेत पेट्रोल नाही आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइल पण नाही. दोन्हीकडनं मार. ह्यावर उपाय प्रेशर टेस्ट, साधारण 6 पीएसआय भरायचं आणि काटा थांबतो का बघायचं.

आता हे करायला किट विकत मिळतं, पण उद्यमनगर (कोल्हापुरातला वर्कशॉपचा भाग) पाच मिनिटांवर असताना किट कशाला. तिथल्या मिस्त्रींना एक्झॉस्ट आणि इनटेकच्या फ्लँजचा कागदी छाप नेऊन दिला, त्यांनी अॅल्युमिनियमच्या प्लेटा कापून भोकं मारून चहा व्हायच्या आत हातात ठेवल्या. ट्यूबचं रबर कापून गॅस्केट. जुन्या बी8ईएस स्पार्क प्लगचं सिरॅमिक फोडून आत निपल ब्रेझ केला. आणि हवा भरायला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडचं जुनं बीपीचं मशीन! त्याचा डायल 300 पर्यंत जातो आणि 300 एमएम मर्क्युरी म्हणजे 5.8 पीएसआय, अगदी पाहिजे तेवढंच, आणि हाताच्या फुग्यानं भरताना चुकून जास्त प्रेशर जायची भीती नाही. हे जमल्याचा मला फार अभिमान वाटतोय.

पिस्टन खाली बीडीसीला (सगळ्यात खालच्या टोकाला) आणला की ट्रान्स्फर पोर्ट (क्रँककेसमधनं सिलिंडरला जाणाऱ्या वाटा) उघडे राहतात, त्यामुळे प्लगच्या भोकातनं भरलेली हवा थेट क्रँककेसपर्यंत पोचते. पल्स पंपचा (क्रँककेसच्या प्रेशरवर चालणारा पेट्रोल पंप) निपल बंद करायचा मात्र विसरू नका. पीटीओ साइडला काटा उतरला पण एकदम सावकाश, दोन चेंबरच्या मधनं थोडी हवा गळक्या बाजूला जातेच. मॅग साइडला बघता बघता शून्य! साबणाचं पाणी घेऊन प्लेटा बघितल्या, बेस गॅस्केट बघितलं, केसचा जोड बघितला, कुठे बुडबुडा नाही, आणि मग फ्लायव्हीलच्या मागे बाटलीची नळी घालून पाणी सोडलं तर आतनं फेसच फेस. मॅग साइडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीचं रबरी सील).

फ्लायव्हील काढायला पुलर परत मिस्त्रींनीच टर्न करून दिला, ईएन8 स्टीलचा, थ्रेड एक नंबर. केस उघडून सील हातात घेतलं तर त्याची लिप (शाफ्टला टेकणारी कड) नखाने दाबून दबत नव्हती, कोरडं पडून पडून रबर मेलेलं.

सीलच्या बाबतीत माझं मत स्पष्ट सांगतो. साइज जुळतंय म्हणून बाजारातलं कुठलंही ऑइल सील टाकू नका. साधं सील एका बाजूचं ऑइल अडवायला असतं, इथे 6000 आरपीएमला सेकंदाला 100 वेळा प्रेशर आणि व्हॅक्यूम पालटतो. मी ओरिजिनल मागवलं, उशीर झाला, पैसे गेले, चालतंय. ह्याच कारणानं एअरफ्रेमवर पण एएन बोल्टच (विमानासाठीचे स्टँडर्ड बोल्ट) वापरतोय. बाजारातला 8.8 ग्रेडचा हायटेन्साइल बोल्ट ताकदीला जवळपास सारखा दिसतो, पण एएन बोल्ट ग्रिप लेंथ (आटे नसलेल्या भागाची लांबी) बघून घेता येतो, म्हणजे भोकाच्या आत आटे येत नाहीत. बाकी प्लेटा, पुलर, स्टँड, जिग हे सगळं उद्यमनगरमधनं करून घ्या, तिथल्यासारखी माणसं कुठे मिळायची नाहीत.

केस उघडलीच होती म्हणून पीटीओचं सील पण बदललं, सीलंट लावून बंद केलं, परत बीपी मशीन लावलं, काटा 300 वर बसला तो हललाच नाही. मग क्लिप मूळ खाचेत आणून इंजिन चालवलं. पीटीओ 568, मॅग 581. फरक 13!! मी स्टँडपाशी उभा राहून ते आकडे नुसते बघत होतो.

आता हे आकडे ह्या हवेचे आहेत. डिसेंबरात सकाळी हवा गार आणि दाट होईल, तेव्हा हीच सेटिंग लीन पडणार आणि ईजीटी चढणार, म्हणून थंडीत परत क्लिप बघावी लागेल. लिहिता लिहिता सुचलं, दर वेळी वहीत आकडे टिपण्यापेक्षा दोन के-टाइप थर्मोकपल (तापमानाचे प्रोब), त्यांचं रीडिंग घेणाऱ्या दोन मॅक्स6675 चिप आणि एक आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) लावून सगळं मेमरी कार्डावरच घ्यावं, आरपीएमसकट. सीटच्या पॅनेलचं काम पुढचं होतं ते मागे ढकलतो, आधी हे करतो. तसं केलं तर प्रॉपचा पिच (पात्यांचा कोन) बदलल्यावर मिडरेंजला काय होतं ते पण नीट दिसेल, कारण पिच फार कमी ठेवला की इंजिनावर लोड येत नाही आणि ईजीटी वर जाते. म्हणजे आधी लॉगर, मग पिच, डॅक्रॉन दिवाळीनंतर.

विमान उडवायच्या परवानगीचं विचारणाऱ्यांना, फाइल चालू आहे. अमेरिकेत पार्ट 103 ह्या नियमाखाली 254 पौंडांच्या आतलं एकसीटर रजिस्ट्रेशनशिवाय उडवता येतं, आपल्याकडे तशी सूट नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना रजिस्ट्रेशन 2017 ला मिळालं, त्याच्या आधी किती वर्षं गेली ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तोपर्यंत चाक जमिनीवरच राहणार.

आणि एक काम होतं. माझ्या बी गिअरबॉक्सला 2.58 चा रेशो आहे. कुणाकडे 2.24 चा गिअर सेट पडून असेल तर कळवा, लॉगर लागल्यावर दोन्ही रेशो एकाच प्रॉपवर चालवून बघायचेत. आकडे आले की सगळे टाकतो.