दुखण्यावरची गोळी नेमकी कुठे काम करते?

पाय मुरगळला की दुखावलेल्या पेशींमध्ये कॉक्स नावाचं विकर (एन्झाइम) प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतं. त्यामुळे तिथल्या मज्जातंतूंची टोकं इतकी हळवी होतात की नुसतं बोट लागलं तरी कळ येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही औषधं या कॉक्सलाच अडवतात. ठणक्याबरोबर सूजही उतरते ती म्हणूनच.

पण जठराचं अस्तर जपायला आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं. जेवून गोळी घेतली तर जळजळ कमी होते, अल्सरचा धोका मात्र पुरता टळत नाही, कारण औषध रक्तातून फिरून जठरापर्यंत पोहोचतंच. किडनीचं तर आणखी जपायला हवं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालंय, आणि अशात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक सुरू केलं, तर किडनीत येणारं रक्त आणि तिथला गाळण्याचा दाब दोन्ही एकदम घटतात. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका, अशी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असलेल्या तापातही ही औषधं आणि ॲस्पिरिन टाळायची, रक्तस्राव वाढतो.

अशा तापात पॅरासिटामॉल चालतं. ते मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतं, त्यामुळे ताप आणि दुखणं कमी होतं, सूज फारशी नाही. यकृतात त्याचा थोडा भाग विषारी होतो आणि यकृतातलंच ग्लुटाथिऑन नावाचं रसायन तो निकामी करतं. डोस जास्त झाला की ग्लुटाथिऑनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. धडधाकट प्रौढाला 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून कमी. चूक होते ती बेरजेत. तापाची 650 मिलिग्रॅमची गोळी, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, पाठदुखीच्या जोडगोळीत आणखी 325. स्ट्रिपची मागची बाजू वाचा. डोस जास्त गेला असेल तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. पहिल्या दिवशी माणूस बरा दिसू शकतो, आणि ॲसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध पहिल्या 8 तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं.

मॉर्फिन सुजेला हात लावत नाही. मज्जारज्जूत एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप जातो, त्या जोडावरच्या म्यू ग्राहकांना (पेशीवरच्या, औषध जिथे बसतं त्या जागांना) ते चिकटतं. निरोप धाडणाऱ्या पेशीची कॅल्शियमची दारं बंद होतात; घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून ती शांत होते. हेच ग्राहक आतड्यात आहेत, म्हणून बद्धकोष्ठ होतो. मळमळ, गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही. त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. श्वासाची लय राखणाऱ्या मेंदूच्या भागातही हे ग्राहक आहेत. झोपेची गोळी किंवा दारू सोबत गेली तर श्वास मंदावून थांबू शकतो. नॅलॉक्सोन हे उताऱ्याचं औषध मॉर्फिनला ग्राहकांवरून हटवतं, पण नॅलॉक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी संपतो, म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णावरही लक्ष ठेवावं लागतं.

व्यसन लागेल या भीतीने कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती अशा रुग्णांपर्यंत हे औषध पोहोचावं म्हणूनच. मॉर्फिनची साधी गोळी दर 4 तासांनी, घड्याळ पाहून द्यायची. कळ उठेपर्यंत थांबायचं नाही. आणि बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवायची.