काळा कोट न घालता कोर्टाचे काम: आमची वाटचाल

बेळगावात कायद्याच्या क्षेत्रात जायचे म्हटले की घरचे एकच विचारतात, "म्हणजे वकील होणार ना?" टिळकवाडीचे राजा लखमगौडा लॉ कॉलेज 1939 पासून इथे आहे, त्यामुळे तो प्रश्न साहजिक. पण वकिलांचा दावा दाखल होतो तो टायपिस्ट, कारकून, भाषांतरकार आणि नकला काढून आणणाऱ्यांच्या जिवावर. आमची फर्म तेच काम करते आणि त्याचा मला अभिमान आहे.

2004 साली चन्नम्मा सर्कलजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल मांडले. इंग्रजी आणि कन्नड टायपिंगच्या सीनियर परीक्षा झाल्या होत्या, मराठी घरचीच. खरेदीखत, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, येईल ते टाइप करत होतो. 2008 मध्ये धारवाडला हायकोर्टाचे खंडपीठ बसू लागले आणि कामाचा नूरच पालटला. अपील करायला बेंगळुरूला जाणे परवडत नव्हते ते पक्षकार धारवाडला जाऊ लागले. हायकोर्टात इंग्रजीच चालते, म्हणून खालच्या कोर्टातले कन्नड आणि मराठी कागद भाषांतर करून द्यावे लागत. पहिला भाषांतरकार तेव्हाच ठेवला.

1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. जुने फेरफार, वाटणीपत्रे मराठीत, त्यातली कित्येक मोडीत. मध्यंतरी खानापूर तालुक्यातल्या एक मावशी आजोबांचे वाटणीपत्र घेऊन आल्या. तारीख शके 1849, म्हणजे 1927 च्या आसपासचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे एकट्या कागदावर भरवसा ठेवून नाव वाचायचे नसते. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने सर्व्हे नंबर, फेरफार आणि चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावे समोर ठेवली, एकेक ताडून पाहिले. ओढ्याकाठचा तुकडा कोणत्या भावाच्या वाट्याला गेला, ते संध्याकाळपर्यंत लागले. मग त्याचे देवनागरी लिप्यंतर, मग कन्नड भाषांतर. मावशींच्या वकीलसाहेबांनी फक्त वाचून सही केली.

ही मुलगी बारावीनंतर आमच्याकडे आली. आधी नकलांचे अर्ज, मग नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर टायपिंग, मग भाषांतर. बी.ए. झाली, आता तीन वर्षांचे एलएलबी करते आहे. वकील झाली तर आनंदच. नाही झाली तरी जिल्हा न्यायालयात टायपिस्ट, कॉपीइस्ट, स्टेनोच्या भरतीचा रस्ता तिला मोकळा आहे. स्टेनो व्हायचे तर शॉर्टहँड कन्नड आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लागते आणि ते चार महिन्यांत येत नाही, हे मुलांना मी आधीच सांगतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. निपाणी, खानापूरकडची आपली मुले कन्नड बोलतात, पण लिहायचे टाळतात. मराठी जपावीच, पण या धंद्यात कन्नड लिहिता आले नाही तर अर्धे काम हातातून जाते. ज्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिहिता येतात, तसा माणूस बेंगळुरूत शोधूनही मिळणार नाही.

1 जुलै 2024 पासून नवे साक्ष अधिनियम आल्यावर मोबाइलचे मेसेज, सीसीटीव्हीचे फुटेज हजर करताना कलम 63 चे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते आणि तज्ज्ञाचा वेगळा भाग असतो. पक्षकाराचा भाग, हॅशचा तपशील, फाइलची व्यवस्थित प्रत, ही तयारी आम्ही करून देतो. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलांना इथे चांगले काम आहे, फक्त कोर्टाची शिस्त शिकून घ्यायला हवी: पान क्रमांक, अनुक्रमणिका, मुदत.

सध्या आम्हाला मोडी वाचणारी माणसे हवी आहेत. निवृत्त तलाठी, शिक्षक कोणीही चालतील, घरी बसून काम करता येईल. शिकायची इच्छा असणाऱ्या बारावी पास मुलामुलींना आम्ही पहिल्या दिवसापासून पगार देतो.