खरखर

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते. फोनवर मिसिसिपी जॉन हर्ट हा जुना अमेरिकन ब्लूज गायक गात होता. १९२८ चं ध्वनिमुद्रण कुणीतरी धुऊन-पुसून लख्ख केलेलं, गिटारची तार न् तार सुटी. आणि मला काही केल्या चैन पडेना. खरखर कुठे गेली?

मी हर्ट ऐकला तो 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'मध्ये. मावसभावाने अमेरिकेहून आणलेला सहा सीड्यांचा जाडजूड संच. हॅरी स्मिथ नावाच्या अवलियाने १९५२ साली आपल्या संग्रहातल्या जुन्या तबकड्यांतून ८४ गाणी निवडून लावली. गाणारा गोरा की काळा, हे मुद्दाम लिहिलं नाही. ब्लूज म्हणजे काळ्यांच्या दुःखाच्या गाण्याशेजारी पोवाड्यासारखी लांबलचक खूनकथा, पुढे चर्चमधलं गाणं. सोबत पेपरातल्या मथळ्यासारखे सारांश. उंदीर-बेडकाच्या लग्नाच्या गाण्याचा शेवट काय, तर 'नातेवाइकांची पसंती'! एवढ्यावर मी त्याला त्याच्या सगळ्या लहरी माफ केल्या.

त्या तबकड्या लाखेच्या. जगाला लाख तेव्हा मुख्यतः हिंदुस्थानच पुरवायचा. म्हणजे ती खरखरही थोडी आपलीच, असं मी उगाच ठरवून टाकलंय. त्या खरखरीपलीकडचा हर्ट कधीच गेला असणार, असं सगळे धरून चालले होते. त्याच्याच एका गाण्यातल्या गावाच्या नावावरून १९६३ मध्ये एक चाहता मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅव्हलॉनला पोचला, तर सत्तरीचा हर्ट तिथेच राहत होता.

आमच्याकडे बाबा टू-इन-वनवर रेडिओवरची लोकगीतं टेप करायचे. त्या वेळात घरात चिडीचूप. शिंक आली तरी अंगणात जाऊन द्यायची. एकदा भारूड ऐन रंगात आलेलं असताना आजी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "अगं, दूध बघ!" पाठोपाठ पातेल्याचा खणखणाट. बाबा दोन दिवस आजीशी बोलले नाहीत. पण कॅसेट काही पुसली नाही. पुढे ती इतकी वाजली, की आम्ही भावंडं भारूड म्हणताना 'दूध बघ'सुद्धा चालीत म्हणायचो.

आता आजी नाही, कॅसेटला बुरशी लागली.

परवा तेच भारूड यूट्यूबवर मिळालं. स्वच्छ, नितळ. ती जागा आली आणि तशीच निघून गेली.

मी उठले आणि गॅस बघून आले. बंदच होता.