माटुंगा पूर्व: पाटीवर मद्रास, ताटात उडुपी

माटुंग्याला खायला निघालेल्यांची पहिली चूक रेल्वेतच होते. माटुंगा हे मध्य रेल्वेचं स्टेशन, माटुंगा रोड हे पश्चिमचं. आपल्याला हवा तो माटुंगा मध्य रेल्वेच्या पूर्वेला आहे. तिथे फक्त धीम्या गाड्या थांबतात, म्हणून जलद गाडीने येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. चुकून माटुंगा रोडला उतरलात तरी झेड ब्रिजवरून रूळ ओलांडून येता येतं. हार्बरच्या वांद्रे-गोरेगाव मार्गाच्या गाडीने येणाऱ्यांनी सरळ किंग्ज सर्कलला उतरावं.

दुसरी चूक शब्दातली. इथल्या सगळ्या खाण्याला एकच ‘साउथ इंडियन’ नाव देऊन आपण मोकळे होतो, आणि मग एका हॉटेलातलं सांबार गोड का आणि दुसरीकडचं आंबटढाण का, याचा उलगडा होत नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंगा-शीवचा हा पट्टा रुंद रस्ते, बागा आणि मोकळ्या हवेच्या इमारती अशा बेताने आखला गेला. त्या इमारतींत तमिळ आणि पालघाटी (केरळातल्या पालक्काडकडचे) कारकून-टंकलेखक आले, दक्षिण कॅनरातले, म्हणजे कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या उडुपी-मंगळूर भागातले, कोकणी-तुळू-कन्नड बोलणारे हॉटेलवाले आले, कच्छी-गुजराती व्यापारी आले. शेजारी पारशी कॉलनी आहेच. खाण्यावर यातल्या प्रत्येकाची खूण आहे. ती खूण जिभेने ओळखता येणं हीच माटुंग्याची खरी मजा, म्हणून ही फेरी मी त्याच अंगाने सांगते.

सकाळी साडेसहा ही उत्तम वेळ. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून दोन मिनिटांत भांडारकर रोडवरचं रामाश्रय येतं. 1939 पासूनचं हे हॉटेल पहाटे पाचलाच उघडतं. रविवारी आठनंतर इथे रांग लागते आणि टेबलही अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. फळ्यावर त्या दिवशीचा शिरा लिहिलेला असतो. अननसाचा असेल तर तोच घ्या, पण उपम्याबरोबर. एक घास शिरा आणि एक घास उपमा ही इथली जुनी जोडी आहे. चांगला अननस शिरा ओळखायची खूण म्हणजे रवा दाणेदार सुटा हवा आणि फळाचे तुकडे पारदर्शक झालेले हवेत. अननस आधी साखरेत शिजवून घेतला नाही तर तो शिऱ्यात पाणी सोडतो आणि रव्याचा गोळा होतो. घरी करताना नेमकं हेच चुकतं.

इथेच पहिल्यांदा सांबाराकडे नीट लक्ष द्या. वडा त्यात बुडवण्याआधी नुसतं सांबार चमच्याने प्या. उडुपी पद्धतीत धणे, सुकी मिरची, उडदाची डाळ आणि मेथी खोबरेल तेलावर भाजून ओल्या नारळाबरोबर वाटतात आणि शेवटी गुळाचा खडा टाकतात. कन्नडमध्ये याला हुळी म्हणतात. दाट, तांबूस, किंचित गोड. मुंबईत गुजराती गिऱ्हाइकांमुळे सांबार गोड झालं असं नेहमी ऐकू येतं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे, कारण गूळ हुळीत मुळातच असतो. मुंबईत फार तर खडा मोठा झाला असेल. तमिळ सांबारात चिंच पुढे असते, हिंग ठसठशीत असतो, छोटे सांबार कांदे अख्खे पडतात आणि गूळ बहुधा नसतोच. नारळ वाटून घालायची रीत तिथेही आहे, पण रोजचं सांबार भुकटी मसाल्यावर होतं आणि पातळ असतं. उडुपीच्या मठ-परंपरेतला स्वयंपाक कांदा-लसणाशिवायचा. माटुंग्यातल्या जैन गिऱ्हाइकाला तो सहज मानवला, यात नवल नाही.

आता चालत किंग्ज सर्कलकडे. तिथल्या चौकातल्या उद्यानाचं नाव बदलून महेश्वरी उद्यान झालं, तरी टॅक्सीवाल्याला किंग्ज सर्कलच सांगा. भाऊ दाजी रोडवर कॅफे मद्रास आहे. पाटीवर मद्रास असलं तरी हॉटेल कामत कुटुंबाचं आणि पदार्थ कर्नाटकच्या किनाऱ्याचे. जवळच्या कॅफे मैसूरचंही तसंच. 1936 मध्ये ते रामा नायक यांनी सुरू केलं, आणि त्यांच्या स्वयंपाकघराची नाळ मैसूरपेक्षा उडुपीशी जुळलेली. त्या काळी मुंबईकराला मद्रास आणि मैसूर ही नावं ओळखीची होती, उडुपी नव्हतं, असा माझा अंदाज.

कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं. बाहेर उभ्या माणसाकडे नाव आणि माणसं किती ते सांगून ठेवा. दोघं असाल तर लवकर नंबर लागतो, सहाजण असाल तर तासाची तयारी ठेवा. रसम वडा, नीर डोसा आणि पोडी-लोणी लावलेली इडली या तिन्हींत दोघांचं पोट भरतं. मसाला डोसा इथेही मिळतो, पण तो कुठेही मिळतो.

रसम वडा आला की थांबू नका. उडीद दोन-तीन तासच भिजवून, अगदी कमी पाण्यात वाटलेलं पीठ असेल तर वडा आतून जाळीदार होतो आणि रसम आत ओढून घेतो. पीठ सैल झालं तर तळतानाच तेल पितो. मग रसमवर तेलाचा तवंग येतो आणि चव बुजते. पिठाचा थेंब पाण्यात टाकला आणि तो वर तरंगला, तर वाटण जमलं. रसम इथे मिरी-जिऱ्याचं, चिंच-टोमॅटोचं, तुरीच्या वरच्या पाण्यावर केलेलं. कन्नड माणूस त्याला सारु म्हणतो, आणि वाटी तोंडाला लावली की आपलं सार आठवतंच. पहिल्या दोन मिनिटांत वड्याची कड कुरकुरीत असते, पाच मिनिटांनी सगळा वडा मऊ होतो. दोन्ही चवी घ्यायच्या तर अर्धा लगेच खा, अर्धा बुडवून ठेवा.

नीर डोसा म्हणजे पाण्याचा डोसा, आणि मालवणी घावनाचा सख्खा भाऊ. तांदूळ चार-सहा तास भिजवून ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखा वाटायचा आणि पीठ ताकाइतकं पातळ करायचं. उडीद नाही, आंबवणं नाही. चांगल्या तापलेल्या तव्यावर पीठ वरून ओतायचं. डावाने पसरवायला गेलात की फाटलंच. जाळी पडली की झाकण, मिनिटभर वाफ, उलटायचं नाही, त्रिकोणी घडी. पांढराशुभ्र आणि रुमालासारखा मऊ हवा. कडा तपकिरी झाल्या असतील तर तवा जास्त तापला होता. चिकट लागला तर पीठ दाट होतं किंवा तांदूळ नवा होता. त्याच्याबरोबर सांबार मागू नका, नाजूक चव मरते. नारळाची चटणी किंवा गूळ-खोबरं, बस.

पोडी म्हणजे डाळी, मिरची आणि तीळ भाजून केलेली भरड चटणी. ती लोण्यात कालवलेली असेल तेव्हाच इडलीला नीट धरते, कोरडी भुरभुरली तर घशात अडकते. इडलीच्या प्रकारांत रस असेल तर सर्कलजवळच्या इडली हाऊसमध्ये फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली घ्या. पानाचा वास इडलीत उतरतो, त्यासाठी ती पानातूनच आली पाहिजे, आधी सोलून ठेवलेली नव्हे. मिरी, जिरं, सुंठ आणि तूप घातलेली कांचीपुरम इडली हा तमिळ देवळातला प्रकार. ती जड असते, एक पुरे.

एवढ्यावर दोन तास चाला. वाटेत किंग्ज सर्कलच्या कोपऱ्यावर कूलर अँड कंपनी हे जुनं इराणी हॉटेल लागतं. ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) आणि इराणी चहा, एवढंच घ्या. ब्रूनची पाठ टणक हवी, चहात बुडवल्यावर तिने चार सेकंद तरी तग धरला पाहिजे.

बाजारासाठी परत स्टेशनकडे या. गजऱ्यांच्या दुकानांतून मोगऱ्याचा आणि तुळशीचा वास रस्ताभर येतो. अबोलीचे दाट विणलेले गजरे इथे वजनदार आणि ताजे मिळतात, दुपारच्या आत घ्या. भाजीवाल्यांकडे सांबार कांदे, मंगळुरी काकडी, केळफूल, कोहळ्याच्या फोडी, कच्ची केळी, पडवळ आणि केळीची पानं मिळतात. मंगळुरी काकडी पिवळी-हिरव्या पट्ट्यांची आणि जाड सालीची. कोशिंबिरीची नव्हे, शिजवायची. देठाकडचा तुकडा आधी चाखून बघा, कडू निघाली तर सगळी आमटी वाया जाते. सांबार कांदे कोरडे आणि घट्ट घ्या. सोलायचा कंटाळा येतो म्हणून सोललेले घेतले तर दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात.

आणि कॉफी. या एका गोष्टीसाठी मी माटुंग्याला कितीही वेळा जाईन. मैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांत बिया भाजून, तुमच्यासमोर दळून देतात. दुकानात शिरून नुसतं ‘अर्धा किलो फिल्टर कॉफी’ म्हणू नका. तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या बिया, चिकोरी किती, दळण कसं. प्लँटेशन म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका, तिला वास चांगला. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी तयार झालेली. रोबस्टा कडक आणि दाट. सुरुवातीला प्लँटेशन आणि पीबेरी अर्धी-अर्धी घ्या आणि चिकोरी वीस टक्के. चिकोरी हे मूळ आहे, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन नसतं, पण रंग, दाटपणा आणि कडवट-गोड चव असते. देशात तिची लागवड मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. कायद्याप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. ते वाचा. चाळीसच्या पुढे चिकोरी गेली की कॉफी काळी दिसते, पण वास नसतो. शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या. तीन आठवड्यांत वास उडतो.

पितळी किंवा स्टीलचा फिल्टरही इथेच मिळतो. उजेडाकडे धरून भोकं बघा. सगळी सारखी आणि बारीक हवीत, नाहीतर गाळ खाली उतरतो. दोन कपांसाठी वरच्या भांड्यात वीस ग्रॅम, म्हणजे तीन शिगोशीग चमचे पूड. फिल्टरच्या आतल्या दांडीच्या चकतीने, म्हणजे छत्रीने, हलकेच सपाट करा. दाबून बसवलीत तर पाणी उतरतच नाही, आणि दळण फार बारीक असेल तरी तेच होतं. उकळी येऊन अर्धा मिनिट थांबलेलं पाणी, साधारण 120 मिली, गोल फिरवत ओता, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. अडकलं म्हणून ठोकाठोकी केली की पूड खाली येते. खालचा गडद अर्क म्हणजे डिकॉक्शन. तो परत गॅसवर ठेवायचा नाही, कडू होतो. उकळायचं ते फक्त दूध, तेही आत्ताच आणि साईसकट. एक भाग अर्काला तीन भाग दूध. मग डबरा (पेल्याखालची पसरट वाटी) आणि पेल्यात दोन-तीनदा हातभर उंचीवरून ओतून फेस आणा. त्याने साखर विरघळते आणि कॉफी पिण्याजोगी निवते. हॉटेलात कॉफी कोमट आली तर बिनधास्त परत द्या. इथे ते कुणाला वावगं वाटत नाही.

जेवायला ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. 1942 सालचं, स्टेशनजवळ मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. हेही सोमवारी बंद. साडेअकराच्या आत पोचलात तर रांग टळते. ताट घेतलंत तर मोजकं मिळतं, केळीचं पान घेतलंत तर पोटभर. पानच घ्या. स्वयंपाकघर बघायला गिऱ्हाइकांना मोकळीक आहे. जेवणाआधी बघून या, मोठी पातेली आणि वाफा बघितल्या की भूक परत लागते.

पानाचं निमुळतं टोक डाव्या हाताला हवं. पोळ्या-पुऱ्या दोनच घ्या, जागा भातासाठी ठेवा. भाताचं आळं करून आधी रसम घ्या, मग सांबार, आणि त्या सांबारात सकाळचा गूळ सापडतो का ते बघा. मला इथलं सांबार सकाळपेक्षा सौम्य आणि जास्त घरगुती वाटतं. भाज्या रोज बदलतात, नारळ आणि मोहरी-कढीपत्त्याची फोडणी मात्र कायम. शेवटचा भात ताक किंवा दह्याबरोबर, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. तो भात वगळून उठणाऱ्यांना दुपारी हमखास तहान लागते. वाढपी भराभर फिरतात, नको असेल तर पानावर आडवा हात धरा, नुसतं ‘नको’ गर्दीत ऐकू जात नाही. झालं की पान आपल्याकडे दुमडा.

तमिळ चव मात्र अजून राहिली. ती संध्याकाळी, आर्य भवनात. सांबार आधी नुसतं प्या. चिंच लगेच कळेल.