सात पांढरे ठिपके

पोत्यातून फक्त मान बाहेर होती. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. पट्टकादंब, हंसाच्या जातीचा पाहुणा पक्षी. दवाखान्याच्या पायरीवर ढिवराचा, मासेमाराचा, पोरगा पोतं छातीशी धरून बसला होता. "सायेब, तलावाच्या काठाले बेशरमाच्या झुडपात फसला होता जी. उडतच नाही."

गोंदिया जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून काम करताना माझा दिवस जातो गायी-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांच्या लसीकरणात. पण नवेगावबांधच्या आसपास मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, इतके, की हिवाळ्यात एखाददुसरा पाहुणा पक्षी माझ्याही टेबलावर येतोच. बहुतेक जाळ्यात अडकलेले, नाहीतर विजेच्या तारेला धडकलेले. याला आधी मी त्यातलाच समजलो.

वनरक्षकाला फोन लावून पक्षी टेबलावर घेतला. उजवा पंख लोंबत होता. खांद्याजवळची पिसं रक्ताने चिकटून कडक झाली होती, वासही येत होता. म्हणजे जखम दोन दिवसांची तरी होती. पिसं बाजूला केली तेव्हा दिसलं ते मी विसरणार नाही. पक्ष्याने श्वास सोडला की जखमेच्या तोंडाशी लाल बुडबुडा यायचा. पक्ष्याच्या दंडाचं हाड आतून पोकळ असतं आणि ते थेट हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. ते फुटलं की जखमेतूनही श्वास जातो. अशी जखम पाण्याच्या धारेने धुताही येत नाही, पाणी आत उतरतं. ओल्या कापसाने हळूहळू पुसून घेतलं, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिलं आणि पंख अंगाशी बांधला.

आमच्या दवाखान्यात एक्स-रे नाही. तालुक्याच्या ठिकाणी हाडांचे एक डॉक्टर ओळखीचे आहेत. माणसांची रांग संपल्यावर त्यांनी पक्षी घेतला. फिल्म दिव्यासमोर धरली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. दंडाच्या हाडाचे चार तुकडे, आणि अंगभर पांढरेशुभ्र ठिपके. मोजले. सात.

शिशाचे छर्रे.

परत आलो तेव्हा पोराचा आजा येऊन बसला होता. लहानपणी, साठच्या दशकात, पाटलाकडे नागपूरचे पाहुणे शिकारीला येत, तेव्हा पडलेली पाखरं पाण्यातून काढून आणायचं काम याचं. मी फिल्म दाखवली. त्याने ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"लांबून मारलं जी," तो म्हणाला. "आमचा पाटील सांगे, डोईवरचे दोन पट्टे येगयेगळे दिसले पाहिजे, मंगच घोडा दाब. पट्टे दिसत नाही, त बार वाया."

बारा बोरच्या बारीक छऱ्यांच्या काडतुसात दोन-अडीचशे छर्रे असतात. एक छर्रा जेमतेम एक दशांश ग्रॅमचा. गोल आणि हलका, म्हणून हवेत त्याचा वेग भराभर उतरतो. पस्तीस-चाळीस मीटरच्या आत छर्रे दाट लागतात आणि खोल जातात. डोकं, मानेचा मणका किंवा काळीज-फुप्फुस यांत चार-पाच बसले तर पक्षी हवेतच मान टाकतो. त्यापुढे छर्रे विखुरतात. मग पक्ष्याला एक किंवा दोन लागतात, मरण्याइतके नाहीत, उडू न देण्याइतके. आणि बार थव्यावर टाकला तर ज्याच्यावर नेम धरलाच नव्हता त्यालाही लागतात.

"किती पाखरं हाती लागत?" मी विचारलं.

"पडे ते लागे. पाय लोंबवत दूर जाये, ते कोन मोजलं जी."

डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकात गुलाबी पायांच्या हंसांचे एक्स-रे काढून असे पक्षी मोजले गेले. उडत्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या प्रौढ पक्ष्यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्तांच्या अंगात छर्रे निघाले. तिथे शिकार कायदेशीर आहे. जवळूनच बार टाका, असं शिकाऱ्यांना पटवून दिल्यावर हे प्रमाण घटलं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. मला ते योग्य वाटतं. पण चोरून मारणारा अंधारात, घाईत, लांबून मारतो आणि जखमी पक्ष्यामागे थांबत नाही.

रात्री खोक्यात गोणपाट अंथरून वर बल्ब लावला. दोनदा उठून पाहिलं. पहाटे पाचला त्याची मान खाली गेलेली होती.

वनपालांसमोर शवविच्छेदन केलं. एकेक छर्रा ट्रेमध्ये टाकत गेलो, प्रत्येक वेळी टण असा आवाज. दोन पाठीच्या कातडीखालीच अडकलेले, त्यांच्याभोवती मऊ पिसांची गोळी गुंडाळलेली. छर्रा पिसं ओढत आत जातो आणि तिथेच पू धरतो. आजा बरोबर होता, जोर संपता संपता लागलेले छर्रे होते ते. हाडातला चपटा झालेला, त्याच एकाने जीव घेतला. छातीच्या मांसातले तीन मात्र जुने निघाले, पांढऱ्या चिवट आवरणात बंद. कधीतरी, मंगोलिया-तिबेटपासून इथपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी, याला आधीही बार लागला होता, आणि ते तीन छर्रे छातीत घेऊन हा हिमालय ओलांडत होता.

सातवा पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या जाड पोटात, सापडला. पक्षी दाणा दळायला खडे गिळतात, त्या खड्यांत तो होता, झिजून मसुरीच्या डाळीसारखा गुळगुळीत. पेषणीच्या भिंतीला कुठेही भोक नव्हतं. म्हणजे कुणाच्या तरी चुकलेल्या बाराचा छर्रा, तळाच्या गाळातून खडा समजून गिळलेला. अंगात रुतलेल्या शिशापेक्षा हे गिळलेलं शिसं जास्त घातक. पोटातल्या आम्लात विरघळून रक्तात जातं. अमेरिकेने १९९१पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला बंदी घातली ती याचमुळे.

छर्रे पाकिटात घालून सील केलं, पंचनाम्यावर सही केली. तेवढ्यात पोरगा दारातून म्हणाला, "सायेब, अजून असतीन जी."

दुपारी त्याच्या डोंग्यातून निघालो. काठच्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार होती, पलीकडच्या काठावर पट्टकादंबांचा थवा चरत होता. बेशरमाच्या जाळीत एका जागी नुसती पिसं सापडली, कोल्ह्याने आटोपलं असावं. थोडं पुढे एक अडई दिसली. एक पाय मागे लोंबत होता. डोंगा दहा हातांवर आला तशी तिने बुडी मारली. पोराने वल्हं वर घेतलं. आम्ही पाण्याकडे बघत थांबलो. जखमी बदक पाण्याखाली शेवाळ धरून राहतं, हे आज्याने त्याला सांगितलं होतं. पाऊण तास थांबलो. ती वर आली नाही.