चारला कोल्हापूर सोडा: बेळगावहून एका दिवसात जाऊन येण्याचा हिशेब

बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. दुभाजक असलेला महामार्ग, दोन टोलनाके, दोन छोटे घाट. अंतर असं हाताशी असल्यामुळे आपल्याकडे हा बेत नेहमी सकाळच्या टोकाकडून आखला जातो. किती वाजता निघायचं, नाष्टा कुठे करायचा, अंबाबाईची रांग किती असेल, लग्नाचा बस्ता कुठे बांधायचा, सगळं ठरतं. परतीचं विचारलं की उत्तर एकच, "आटपलं की निघू." नोव्हेंबर ते मार्च या काळात मला हे उत्तर अजिबात पटत नाही. त्या महिन्यांत परतीची वेळ आधी पक्की करावी आणि तिथून मागे मोजत सकाळ ठरवावी. कारण एकच, ऊस.

संकेश्वर, निपाणी, कागल ही सगळी कारखान्यांच्या पट्ट्यातली गावं. गळीत हंगाम सुरू झाला की शेतातून निघालेला ऊस कुठे ना कुठे महामार्गावर येतोच. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही मिळून वीस टनांच्या घरात माल, वर बांधलेला आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. दिवसा हे दिसतं, त्यामुळे त्रास होतो तो फक्त वेळेचा. अंधार पडला की चित्र बदलतं. मागच्या ट्रॉलीला लावलेला लाल रिफ्लेक्टर वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, आणि पाचटाने झाकला जातो, किंवा चिखलाने माखतो. टेललाईटची वायर पुढच्या ट्रॉलीवरून मागे यायची असते, ती जोडावर तुटते आणि हंगामभर तुटलेलीच राहते. उसाचा रंग रात्री रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड डोळ्यांवर असताना तर ती ट्रॉली गाडीच्या बॉनेटपाशी येईपर्यंत कळत नाही.

यात वेगाचं गणित समजून घ्या, मग चारचा आग्रह का ते कळेल. डिपरवर, म्हणजे दिवे खाली झुकवलेले असताना, गाडीचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंत उपयोगी पडतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तिथेच ३३ मीटर संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी थांबायला अजून ३५ मीटर. एकूण ६८. म्हणजे उजेड संपतो तिथे उभी ट्रॉली असेल तर गाडी थांबतच नाही, चालवणारा कितीही तरबेज असो. हेच ६० च्या वेगाला सुमारे ४५ मीटरमध्ये बसतं. या रस्त्यावर हंगामात रात्रीची मर्यादा ६० मानावी ती एवढ्यासाठी. चारपदरी महामार्गावर कारला १०० पर्यंत परवानगी आहे, पण ती परवानगी डिपरच्या उजेडाला ठाऊक नसते.

चालत्या ट्रॉलीपेक्षा उभी ट्रॉली जास्त घातक. टायर फुटला, एक्सल मोडला की ट्रॅक्टरवाला ट्रॉली तिथेच सोडून ट्रॅक्टर घेऊन जातो, चाकांना चार दगड लावतो आणि मागे झाडाची फांदी टाकतो. दुसऱ्या दिवशी ट्रॉली हलते, दगड रस्त्यातच राहतात. याचा मला खरोखर संताप येतो. एक रिफ्लेक्टरची पट्टी, एक लाल कापड, एक त्रिकोण, एवढ्या वस्तूंची किंमत एका फेरीच्या वाहतुकीपुढे काहीच नाही. ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा रात्रभर जागा असतो, त्याच्या हातात यातलं फारसं नसतं. ट्रॅक्टर कामाला लावणाऱ्यांनी आणि ऊस उतरवून घेणाऱ्या कारखान्यांनी दिवा नसलेली ट्रॉली दारातूनच परत पाठवली तर आठवड्यात सगळ्यांचे दिवे लागतील. दुसरा प्रकार उलट्या दिशेचा. दुभाजकातली फट लांब असली की ट्रॅक्टर किलोमीटरभर समोरून येतो, तुमच्याच लेनमध्ये. शिवाय बैलगाड्या, त्यांना तर दिवाच नाही.

आता मागे मोजा. डिसेंबरात आपल्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसहाला काळोख. निपाणीजवळचा तवंदी घाट आणि उसाचा पट्टा उजेडात मागे टाकायचा असेल तर सव्वासहापर्यंत हत्तरगीचा टोलनाका गाठायला हवा. संकेश्वर पावणेसहा, निपाणी सव्वापाच, कागल पावणेपाच. म्हणजे कोल्हापुरात पार्किंगमधून गाडी चारला हलली पाहिजे. "चारला निघू" असं म्हणून साडेचारला चहा घेण्यात अर्थ नाही, कारण गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीपाशी कामगारांच्या बसगाड्या आणि दुचाक्या भेटल्या की तिथेच पंधरा मिनिटं जातात. हत्तरगीनंतर वंटमुरीचा चढ आणि होनगा, काकती, तेवढा अर्धा तास अंधारात गेला तर चालेल, पावणेसातला बेळगावात.

सकाळी साडेसहाला बेळगावातल्या कोल्हापूर सर्कलवरून केएलई हॉस्पिटलच्या बाजूने महामार्गाला लागा. त्याआधी, गाडी थंड असताना टायरची हवा बघून घ्या. तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. पुढची काच आतूनही पुसा. आतल्या बाजूचा तेलकट थर दिवसा जाणवत नाही, संध्याकाळी समोरच्या उजेडात पूर्ण काच पांढरी होते. जाऊन-येऊन आणि शहरातलं फिरणं धरून २४० किलोमीटर. लिटरला १६ देणाऱ्या गाडीला १५ लिटर पुरतं, तेव्हा बेळगावातच टाकी बघून निघालं की वाटेत पंपावर थांबायचं ते फक्त स्वच्छतागृहासाठी. बायकांना घेऊन जाणाऱ्यांनी हा थांबा नीट ठरवावा. बऱ्याच पंपांवर दाराला कडी नसते किंवा पाणी नसतं, आणि त्याची तक्रार करण्याची आपल्याला सवय नाही. ती लावून घ्यायला हवी.

भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय मागे पडलं की वंटमुरीचा उतार. थंडीच्या दिवसांत पुढे घटप्रभेच्या आणि संकेश्वरपाशी हिरण्यकेशीच्या खोलगटात धुकं साचलेलं असतं. तिथे हाय बीम लावला की समोर नुसती भिंत दिसते, डिपरच ठेवावा. हझार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर, लावून गाडी चालवू नये, मागच्याला तुम्ही थांबला आहात असं वाटतं आणि तुम्ही लेन बदलताय हे त्याला कळत नाही.

खरी काळजी घ्यायची जागा तवंदी घाट. बेळगावहून जाताना स्तवनिधीच्या बाजूने निपाणीकडे उतार आणि वळणं एकत्र येतात. लांबून आलेले मालवाहू ट्रक इथे ब्रेकवर ब्रेक दाबत उतरतात, लाइनर तापतात आणि ब्रेक पकडेनासा होतो. कार तिसऱ्या गिअरला टाकून इंजिनच्या ओढीवर उतरवा. दोन अवजड गाड्यांच्या मधे राहू नका. मागचा ट्रक सुसाट आला तर जायला जागाच उरत नाही. जळकट वास आला तर तो बहुतेक पुढच्या ट्रकचा असतो, अंतर वाढवा. परतीला हाच घाट चढाचा. भरलेले ट्रक उजव्या लेनमध्येही रांगतात, आणि चढावर उसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकेनासं होतं. त्याच्या अगदी बाजूने घासून जाऊ नका. हे सगळं उजेडात करायचं, म्हणून तो सव्वापाचचा आकडा.

निपाणी सोडल्यावर यमगर्णीजवळ वेदगंगा, मग कोगनोळी नाका, मग दूधगंगा आणि कागल. कुठेही रेंगाळायचं कारण नाही. रस्त्याचं काम चालू असेल तिथे वळणरस्त्यांचे फलक जाताना लक्षात ठेवा, येताना तेच उलट बाजूने लागतात.

कोल्हापुरात गाडी जितकी कमी फिरवाल तितका दिवस मोठा. उजळाईवाडीच्या पुलाकडून शाहू नाक्यावरून विद्यापीठाच्या रस्त्याने आत शिरलं तर तावडे हॉटेल आणि स्टेशनकडची गर्दी टळते. बिंदू चौक किंवा दसरा चौकात गाडी लावून महाद्वार, गुजरी, चप्पल लाईन पायी. मंगळवार-शुक्रवारी आणि नवरात्रात देवळाभोवती गाडी नेण्याचा हट्ट धरू नये. नऊ ते चार, सात तास मिळतात. दर्शन, जेवण आणि एक मोठी खरेदी एवढंच त्यात बसतं. पन्हाळा किंवा जोतिबा त्याच दिवशी जोडू पाहणारे सगळेच्या सगळे रात्री ट्रॉल्यांमागे असतात.

एक दिवस मात्र या हिशेबात बसत नाही, किरणोत्सवाचा. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात तो सोहळा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. सोहळाच सूर्यास्ताचा, आणि दोन्ही वेळा ऐन हंगामात. त्यासाठी जायचं तर मुक्कामाची तयारी करूनच जावं. जेवून रात्री दहाला निघालं तरी फरक पडत नाही, ऊस रात्रभर चालतो. डिसेंबरात मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास कोल्हापूरकडून सौंदत्तीला रेणुकेच्या यात्रेला गाड्या भरून माणसं निघतात. ते दोन-चार दिवसही या रस्त्यासाठी टाळावेत.

टोलचं थोडक्यात. हत्तरगी आणि कोगनोळी, जाता-येता चार वेळा. चोवीस तासांत परतलात तर फास्टॅगवर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट लागतात, दुप्पट नाही. परतीची कमी रक्कम आपोआप कापली जाते, मेसेज तपासावा. फास्टॅग चालला नाही तर काय, याचा नियम १५ नोव्हेंबर २०२५ ला बदलला तेव्हा रोखीला दुप्पट आणि यूपीआयला सव्वापट ठरले. महिन्यातून एकदा तरी जाणाऱ्यांनी खासगी कारसाठीचा वार्षिक पास घ्यावा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० वेळा, यातलं जे आधी संपेल ते. नाक्यामागे १५ रुपये पडले, कोल्हापूरची पूर्ण फेरी ६० रुपयांत. भाड्याची गाडी असेल तर हा पास चालत नाही, आणि तिच्या महाराष्ट्रातल्या परमिटची चौकशी आदल्या दिवशीच करा, नाक्यावर उभं राहून नव्हे.

निघण्याआधी बातम्या बघणं हे आपल्या भागात तेलपाणी बघण्याइतकंच गरजेचं. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या तणावामुळे दोन्ही राज्यांच्या बससेवा थांबल्या होत्या. १ नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिनाला, आणि बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात कोगनोळीजवळ बंदोबस्त वाढतो, कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये नीट असू द्यावीत. हंगामाच्या तोंडावर उसाच्या दरासाठी आंदोलनं होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये हत्तरगी नाक्यापाशीच महामार्ग अडला होता. शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे, आपलं जाणं दोन दिवसांनीही होतं.

पावसाळ्यात चारचा नियम नाही, सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि ऊस शेतात उभा असतो. तेव्हा बघायचं ते पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये हा महामार्ग पुराने बंद पडला होता, यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं होतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. एकोणचाळीस ओलांडून पाणी चढतंय असं दिसलं की बेत रद्द करावा. मुरगूडकडून किंवा आतल्या रस्त्यांनी काढू म्हणणाऱ्यांचं ऐकू नये, तिकडचे बंधारे महामार्गाच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पोचणं शक्य असतं, परतणं अडतं.

एकटं-दुकटं जायचं असेल आणि सामान आणायचं नसेल तर मी एसटीच सांगेन. रेल्वे मिरजेचा वळसा घालते, तिचा एका दिवसाच्या कामाला उपयोग नाही.

आणि उशीर झालाच तर? निपाणीत थांबणं सर्वांत चांगलं. निघायचंच असेल तर ६० चा काटा, उजवी लेन फक्त ओलांडण्यापुरती, आणि पुढे एखादी एसटी किंवा दिवे शाबूत असलेला ट्रक धरून पुरेसं अंतर राखत मागे राहावं. त्याचा ब्रेकलाईट तुमच्या हेडलाईटच्या आधी अडथळा सांगतो. उभी ट्रॉली किंवा रस्त्यात सोडलेले दगड दिसले तर पुढे सुरक्षित जागी गाडी घेऊन शेजारी बसलेल्याने महामार्गाच्या मदत क्रमांकाला, १०३३ ला, फोन करावा. सांगताना गावाचं नाव पुरत नाही, कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि बाजू, बेळगावकडची की कोल्हापूरकडची, एवढं नक्की सांगायचं.